जुने वातानुकूलन यंत्र बदलताना

चैत्र सरत आला की बडोद्यातील घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : यंदाचा उन्हाळा जुन्या एसीवर निभावेल काय? पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हौसेने बसविलेले यंत्र आता घरघरते, भिंतीवर पाणी गाळते, आणि दुपारचे दोन वाजले की त्याचा थंडावा नावापुरताच उरतो. मेकॅनिक येतो, गॅस भरतो. पुढच्या वैशाखात पुन्हा तोच प्रकार. अशा वेळी घरच्या मंडळींनी कोणता विचार करावा, हे थोडक्यात मांडण्याचा आमचा हेतू आहे.

हा विषय आता केवळ चैनीचा राहिलेला नाही. मे २०१० मध्ये शेजारच्या अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले, असे पुढे अभ्यासकांना आढळले, आणि २०१३ मध्ये तेथील महानगरपालिकेने उष्णतेच्या लाटेसाठी कृतियोजना आखली. अशा दिवसांत वृद्ध, तान्ही मुले आणि हृदयविकाराची माणसे यांना सर्वांत अधिक धोका असतो. रात्रीही उकाडा हटला नाही तर थकलेल्या शरीराला विसावा मिळत नाही. परंतु आपल्याकडे पुष्कळदा एसी असतो दिवाणखान्यात, आणि आजी-आजोबा झोपतात गच्चीखालच्या खोलीत! त्यांच्या खोलीत तो असलाच तर बिलाच्या धास्तीने तेच तो बंद करून ठेवतात. म्हणून नवे यंत्र कोणते, याआधी ते कोणत्या खोलीसाठी, हे ठरवावे.

जुने दुरुस्त करावे की बदलावे? यंत्रातील गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. तो दरवर्षी भरावा लागत असेल, तर कोठेतरी गळती आहे हे निश्चित. साधी गळती बुजविता येते. पण कॉइल सडली असेल किंवा कंप्रेसर जळाला असेल, तर जुन्या यंत्रावर पैसा ओतण्यात अर्थ नाही. पूर्वीच्या बहुतेक यंत्रांतील आर-२२ हा गॅस ओझोनच्या थरास अपायकारक असल्याने १ जानेवारी २०२५ पासून आपल्या देशात नवी यंत्रे त्यावर बनत नाहीत.

दुसरा प्रश्न टनाचा. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढण्याची शक्ती म्हणजे एक टन. ही क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजतात; बाहेर ४४ अंश असता ती घटते. म्हणून दुकानदारास अधिक तापमानातील क्षमताही विचारावी. मात्र उगाच मोठे यंत्रही घेऊ नये. ते खोली झटपट गार करून थांबते, हवेतील दमटपणा तसाच राहतो, आणि आषाढात अंग चिकचिकते. त्याआधी गच्चीला पांढरा चुना द्यावा, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून चिकाची किंवा वाळ्याची ताटी सोडावी, दाराच्या फटी बुजवाव्यात. उष्णता आत येऊ न देणे हे तिला बाहेर काढण्यापेक्षा स्वस्त पडते.

आता बिल. तारांकित पट्टीवर वर्षाची युनिटे छापलेली असतात; ती १,६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. जुन्या यंत्राचा खर्च रात्री व सकाळी मीटर पाहून काढता येतो. समजा, वर्षाला ४०० युनिटे वाचणार आणि दर आठ रुपये. तर बचत ३,२०० रुपये. जादा तारांसाठी मोजावी लागणारी किंमत किती वर्षांत फिटते, ते या हिशेबावरून प्रत्येकाने पाहावे. तारांचे निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून पट्टीवरील वर्षही वाचावे. यंत्र २६ अंशांवर ठेवून जोडीला छताचा पंखा मंद चालविला, तर बहुतेकांस पुरेसे सुख मिळते.

बसविण्याचे काम घाईने उरकू देऊ नये. बाहेरचे युनिट हवा खेळती राहील अशा सावलीच्या जागी असावे. आर-३२ किंवा आर-२९० हे नवे गॅस ज्वालाग्राही आहेत. तेव्हा जाणकार कारागीरच बोलवावा, नळ्यांतील हवा पंपाने काढून घ्यावी, आणि अर्थिंग तपासून घ्यावे. जुने यंत्र भंगारवाल्यास देऊन त्यातील गॅस हवेत सोडू देऊ नये. ते अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच जावे.

एवढे सर्व झाल्यावर एक गोष्ट मात्र विसरू नये. यंत्राचा रिमोट वडीलधाऱ्यांच्या उशाशी ठेवावा, तो कसा वापरावा हे त्यांना दाखवावे, आणि बिलाची चर्चा त्यांच्यासमोर करू नये. वैशाखाच्या रात्री त्यांनी संकोच न करता ते यंत्र लावले, तरच त्यावरील खर्च सार्थकी लागला असे आम्ही समजू.