हेर, खबऱ्या, हस्तक, संशयित: बातमीतले हे शब्द नीट समजून घेऊया

‘हेरगिरीच्या संशयावरून तरुण ताब्यात’ अशी पट्टी टीव्हीवर झळकते आणि तासाभरात मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच तरुण ‘जासूस’ ठरतो. मधला ‘संशय’ कुठे गेला, हे कुणी विचारत नाही. म्हणून या शब्दांचा खरा अर्थ घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा.

हेर आणि जासूस: ‘हेर’ हा आपला रोजच्या मराठीतला शब्द. हेरणे म्हणजे बारकाईने पाहून ठेवणे. शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांचे नाव तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ‘जासूस’ हा शब्द मूळचा अरबी. त्याच धातूपासून ‘तजस्सुस’ होतो, म्हणजे दुसऱ्याच्या झाकलेल्या गोष्टी उकरून काढणे. सूरह हुजुरातच्या 12 व्या आयतीत याला मनाई आहे.

खबऱ्या: पोलिसांना गुपचूप माहिती पुरवणारा माणूस. तो पोलीस खात्याचा नोकर नसतो आणि हेरही नसतो.

हस्तक, एजंट, हँडलर: दुसऱ्यासाठी छुपेपणाने काम करणारा तो हस्तक किंवा एजंट. त्याला काम सांगणारा, पैसे पोचवणारा आणि त्याच्याकडून माहिती घेणारा तो हँडलर. एका बाजूचा भासवून प्रत्यक्षात दुसऱ्या बाजूचे काम करतो, त्याला डबल एजंट म्हणतात.

स्लीपर सेल: वरून हुकूम येईपर्यंत साधे आयुष्य जगणारा छुपा गट. एखादा माणूस शांत राहतो, कुणात मिसळत नाही, एवढ्यावरून त्याला हा शब्द लावता येत नाही.

हनी ट्रॅप: गोड बोलून, प्रेमाचे नाटक करून माहिती काढणे. हल्ली हे सोशल मीडियावरूनही होते. लष्करी भाग, बंदर किंवा कारखान्याचे फोटो अनोळखी व्यक्तीने मागितले तर पाठवू नका, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

आता यंत्रणांकडे पाहू. आयबी देशातली गुप्त माहिती गोळा करते, तर 1968 मध्ये स्थापन झालेली रॉ परदेशातली. या दोघींना अटक करण्याचा अधिकार नाही. अटक पोलीस, एटीएस किंवा एनआयए करते. हेरगिरीचा खटला मुख्यतः 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याखाली चालतो. संरक्षणाशी संबंधित प्रकरणात 14 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गुन्हा इतका गंभीर आहे, म्हणूनच पुढचे तीन शब्द सर्वांत महत्त्वाचे: संशयित, आरोपी, दोषी. संशयित म्हणजे ज्याच्यावर तपास करणाऱ्यांना शंका आहे. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप ठेवला आहे. दोषी म्हणजे ज्याचा गुन्हा कोर्टात सिद्ध झाला आहे.

हा फरक पुसला गेला की काय होते, हे इस्रो प्रकरणात दिसले. 1994 मध्ये केरळमध्ये शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. मालदीवच्या दोन महिलाही त्यात अडकल्या. वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. 1996 मध्ये सीबीआयने आरोप खोटे असल्याचे सांगितले. तरी 50 लाख रुपये भरपाईचा सुप्रीम कोर्टाचा आदेश यायला 2018 उजाडले. म्हणजे अटकेनंतर 24 वर्षे. नुकसानभरपाई मिळाली, पण त्या वर्षांत घरच्यांनी लोकांच्या ज्या नजरा झेलल्या, त्या कशा भरून निघणार?

बातमी आणणाऱ्याची खात्री नसेल तर आधी तपासून घ्या, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल, अशी ताकीद त्याच सूरह हुजुरातच्या 6 व्या आयतीत आहे. तेव्हा असा मेसेज आला की आधी तीन गोष्टी बघा: अटक कुणी केली, आरोप नेमका काय आहे, आणि कोर्टाचा निकाल लागला आहे का. निकाल नसेल तर ‘आरोपी’च म्हणा. कुणाच्या मुलाचा फोटो आणि पत्ता पुढे पाठवू नका. आणि खरोखर काही संशयास्पद दिसले, तर ते ग्रुपवर टाकण्याऐवजी 112 वर पोलिसांना कळवा.