एचएमव्ही १०२ : पेटीतला ग्रामोफोन

लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने हे मॉडेल 1931 मध्ये, आपल्या 101 या मॉडेलच्या जागी बाजारात आणले. त्याच वर्षी कोलंबियाशी विलीनीकरण होऊन ईएमआय कंपनी जन्मली. रेक्झिन चढवलेली लाकडी पेटी, वर मूठ. बहुतेक पेट्या काळ्या, काही लाल, निळ्या, हिरव्या.

स्प्रिंगला हँडलने चावी दिली की तबकडी मिनिटाला 78 फेरे घेई. विजेची गरज नव्हती, त्यामुळे वीज न पोहोचलेल्या गावांतही हा चाले. कर्णा पेटीच्या आत दडवलेला; उघडे झाकण आवाज समोर फेकी. आवाज कमी-जास्त करण्याची कळ मात्र नाही, फार तर जाड किंवा बारीक सुई लावायची. पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलणे अपेक्षित होते. काटकसरीची घरे तीच पुन्हा वापरत आणि तबकडीची रेघ झिजे. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांची पदे त्या मापात बसवलेली आहेत.

1950च्या दशकाअखेरीस निर्मिती थांबली. भारतात 78च्या तबकड्या मात्र 1960च्या दशकातही निघत होत्या, अगदी बीटल्सच्यासुद्धा.