दोर फांदीला, माणूस मोकळा

मावळात झाडावर चढणं हा कधी वेगळा धंदा नव्हता. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा तर टहाळ हवा, आणि टहाळ हवा तर ऐनावर चढायलाच हवं. थंडी सरता सरता घरातला कोणीतरी कमरेला आकडी बांधायचा, आकडीत कोयता अडकवायचा आणि अनवाणी पायांनी वर जायचा. दोराचा प्रश्नच नव्हता. तोडलेली फांदी मोकळ्या माळावर पडायची, खाली कौलं नव्हती की तारा नव्हत्या. चढणाऱ्याला ते झाड लहानपणापासून ठाऊक असायचं. कुठली फांदी पेलते, कुठली दगा देते, हे त्याला कोणी सांगावं लागत नसे. जांभूळ ठिसूळ असतं, ओल्या सालीवर पाय ठरत नाही, वाळक्या फांदीला धरू नये, हे शहाणपण बापाकडून मुलाकडे यायचं. तरी माणसं पडायची. पडलेल्याची नोंद मात्र कुठे होत नसे.

याच डोंगरात दोरावरचं कामही जुनं आहे. बोर घाटातल्या रेल्वेमार्गाचं काम 1856 मध्ये सुरू झालं आणि 21 एप्रिल 1863 रोजी मार्ग खुला झाला. पंधरा-सोळा मैलांत 1,831 फुटांची चढण, 25 बोगदे आणि 8 मोठे पूल. कड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती तिथे आखणीसाठी आणि सुरुंगाची भोकं पाडण्यासाठी माणसं दोरानं खाली सोडली गेली. त्या काळचा दोर म्हणजे ताग-अंबाडीच्या जातीचा, पिळाचा. पावसात भिजून जड होणारा आणि आतून कुजला तरी बाहेरून धड दिसणारा. घाटात हजारोंनी मजूर मेले, त्यांतले बरेच रोगराईनं. कामाचा ठेका घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल स्वतः 1859 मध्ये इथे आल्यावर थोड्याच काळात वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुढे चालवलं. घाटातलं दोराचं काम तेव्हापासून थांबलेलं नाही. आजही पावसाळ्याआधी मध्य रेल्वेची हिल गँग पहारी घेऊन कड्यावर चढते आणि सुटे झालेले दगड रुळावर येण्याआधी पाडते. जुलै 2015 मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून माणसं दगावली. त्यानंतर त्या कड्यांवर जाळ्या ठोकायला उतरलेली माणसंही दोरावरच होती.

दुसरा दोर आला गिर्यारोहकांचा. मुंबईची गिरिविहार संस्था 1954 ची, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटही त्याच वर्षाची. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट 1965 मध्ये सुरू झाली. तिथून बेसिक कोर्स करून आलेली मुलं नागफणीच्या आणि तैलबैलाच्या भिंतींवर शिकलेलं लावून पाहू लागली. सुरुवातीला हार्नेस दुर्मीळच, दोर थेट कमरेला बोलाइनच्या गाठीनं बांधायचा. पुढे शिवलेले हार्नेस आले आणि पिळाच्या दोराची जागा गाभा व त्यावर विणलेलं कवच असलेल्या नायलॉनच्या दोरानं घेतली. हा कर्नमँटल दोर एडेलरिड या जर्मन कंपनीनं 1953 मध्ये आणला होता. या पिढीतूनच लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी बचावपथकं उभी राहिली. मे 2022 मध्ये नागफणीजवळ हरवलेल्या तरुणाला शोधायला दरीत उतरणाऱ्यांत या पथकाची मुलं होती. पावसाळ्यात मावळात कुठेही कोणी अडकलं की पहिला फोन अशा पथकांनाच जातो.

म्हणजे दोर, गाठ आणि उंची यांचं उत्तम ज्ञान या तालुक्यात आहे, आणि ते पिढ्यांचं आहे. ते झाडावर चढणाऱ्यापर्यंत का पोचलं नाही, हा प्रश्न मला सतत अस्वस्थ करतो.

याचं एक कारण बंगल्यांत सापडतं. लोणावळ्याच्या तुंगार्ली, खंडाळा, भांगरवाडी या भागांत बंगले पूर्वीपासून होते, पण एक्सप्रेसवे 2002 मध्ये पूर्ण झाल्यावर शनिवार-रविवारच्या घरांची संख्या फार वाढली. कंपाउंडलगत सिल्व्हर ओक, नीलगिरी आणि गुलमोहर लावले गेले. ही झाडं भराभर वाढतात आणि गुलमोहराचं लाकूड वाऱ्यात सहज मोडतं. वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात ती आता छपरांवर आणि तारांवर ओणवी झाली आहेत. माळावरच्या ऐनाची फांदी खुशाल खाली टाकता येई. इथे ती अलगद उतरवावी लागते, नाहीतर कौलं फुटतात. म्हणून कामात दोर आला. पण तो छपरासाठी आला.

मे महिन्यात लोणावळ्यात हे दृश्य कुठेही दिसेल. वर सिल्व्हर ओकच्या दुबेळक्यात एक माणूस उभा. फांदीला हार्डवेअरच्या दुकानातली निळी नायलॉनची दोरी, तिचं दुसरं टोक खाली दोघांच्या हातात. फांदी तुटते, दोरी ताणते, फांदी झोके घेत हळूहळू जमिनीवर येते. खालचे दोघे आपल्या कामात वाकबगार असतात, एक कौल फुटू देत नाहीत. वरच्या माणसाच्या अंगावर मात्र एकही दोरी नसते. कधी ठेकेदारानं दिलेला पट्टा असतो, त्याचा हूक पट्ट्यालाच अडकवलेला. तो पट्टा बांधकामावरचा असतो, कडी पाठीवर. पडणाऱ्याला थोपवण्यासाठी तो बनवलेला आहे, त्यात बसून दोन्ही हात मोकळे ठेवून काम करता येत नाही. मग माणूस तो काढून ठेवतो किंवा नावापुरता घालतो. त्याला निष्काळजी म्हणणं सोपं आहे. मला तसं म्हणवत नाही, कारण त्याच्या कामाला लागणारं साधन त्याला कोणी दाखवलेलंच नाही.

झाडकामाचं साधन वेगळं असतं. हार्नेसच्या कड्या कमरेला दोन्ही बाजूंना आणि पुढे, म्हणजे माणूस त्यात बसू शकतो. बुंध्याभोवती घालायच्या आखूड दोराच्या गाभ्यात स्टीलची तार असते, कारण करवत आता पेट्रोलची आहे. धारदार कोयताही ताणलेला दोर कापू शकतो, चेन सॉ तर तो क्षणात कापते. म्हणून करवत चालू असताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा, मुख्य दोर डोक्यावरच्या जिवंत, जाड दुबेळक्यातून आणि दुसरा बुंध्याभोवती. मुख्य दोर सैल पडू द्यायचा नाही, हे त्याहून महत्त्वाचं. झाडकामाचा दोर फारसा ताणत नाही. त्यावर मीटरभर खाली आपटलात तर दोर टिकेल, कंबर टिकेलच असं नाही.

राहिल्या गाठी. गाठ सगळ्यांनाच येते, सुरगाठ आणि निरगाठ मारता न येणारा शेतकरी मावळात सापडणार नाही. जिवाच्या गाठीला मात्र आणखी काही लागतं. फिगर ऑफ एट घ्या. तिचे दोन्ही पदर शेजारी शेजारी, एकमेकांवर न चढता बसायला हवेत, मग चारही टोकं ओढून ती आवळायची आणि शेपटी दोराच्या जाडीच्या निदान दहापट ठेवायची. नीट बसवलेली आठाची गाठ दोराची पाऊण ताकद राखते. ती नजरेनं तपासता येते, हा तिचा मोठा गुण आहे. बोलाइन बांधायला आणि सोडायला सोपी, पण ताण नसताना हालली की ढिली होते, म्हणून तिला मागे अडगाठ हवीच. आणि प्रुसिक: ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये ती गिर्यारोहकांपुढे मांडली. बारीक दोरीचे वेढे जाड दोरावर घ्यायचे, भार नसताना गाठ सरकते, भार आला की धरून बसते. झाडावरचा माणूस याच तत्त्वाच्या गाठीवर वर-खाली आणि फांदीच्या टोकापर्यंत जातो. अमेरिकेतल्या जेसन ब्लेक यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेली ब्लेक हिच तर दोराच्या उरलेल्या टोकानंच बांधता येते, वेगळी दोरी विकत घ्यावी लागत नाही. सरसर खाली आलं की घर्षणानं नायलॉन वितळू लागतो, म्हणून उतरायचं ते सावकाश.

या सगळ्याची गरज 3 जून 2020 ला उघडी पडली. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि दुपारी मावळावरून गेलं. झाडं, विजेचे खांब, पॉलिहाउस आडवे झाले. अर्धवट उन्मळलेलं, दुसऱ्या झाडावर रेललेलं झाड हे सगळ्यांत घातकी. वाकलेल्या खोडाची एक बाजू ताणलेली असते, दुसरी दाबलेली. ताणलेल्या बाजूनं सरळ करवत घातली की खोड उभं फाटतं किंवा उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येतं. विजेच्या तारांचा धोका दिसत नाही, म्हणून आणखी मोठा. या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते. तारेजवळची छाटणी त्या दिवशी, तीही महावितरणला विचारूनच करावी. नुसती लाइट गेली म्हणून तारेला हात लावू नये, कुठल्या बंगल्यातून जनरेटरची वीज उलटी येईल सांगता येत नाही.

कायद्यानं झाडाची काळजी घेतली आहे. झाडं तोडण्यावर नियंत्रण आणणारा कायदा 1964 चा, शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जादा संरक्षण मिळालं. हे योग्यच झालं. पण परवानगी झाडाची घ्यावी लागते, वर जाणाऱ्याच्या सुरक्षेबद्दल हे कायदे काही विचारत नाहीत. नारळावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळानं 2011 पासून चढण्याच्या यंत्राचं प्रशिक्षण दिलं, ‘केरा सुरक्षा’ नावाची विमा योजना चालवली. नारळाला बाजार आहे, त्याला मंडळ आहे. सिल्व्हर ओक छाटणाऱ्याला यातलं काहीच नाही.

लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत हे बदलायला फार मोठी यंत्रणा लागणार नाही. छाटणीचा ठेका देताना दोन अटी घालता येतील. बसता येणाऱ्या हार्नेसशिवाय आणि दुसऱ्या दोराशिवाय माणूस वर जाणार नाही. आणि खाली एक जण असा हवा, ज्याला चढता येतं आणि ज्याच्याकडे स्वतःचा संच आहे. दुसऱ्या अटीवर माझा जास्त भर आहे. करवत लागून किंवा मधमाश्या उठून बेशुद्ध झालेला माणूस हार्नेसमध्ये लोंबकळत राहिला तर पायांत रक्त साचत जातं आणि हाती फक्त काही मिनिटं उरतात. बचावपथक कितीही तत्पर असलं तरी शनिवारच्या गर्दीत तुंगार्लीला तेवढ्यात पोचणार नाही. लोंबकळणाऱ्याला उतरवायचं तर ते झाडाखाली उभ्या असलेल्या माणसानंच. हे उतरवणं शिकवणारे गिर्यारोहक याच गावात राहतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, टहाळ तोडून झाल्यावर आणि छाटणीची घाई सुरू होण्याआधी, शिकायला वेळही असतो.