नाही म्हणणारा कॅमेरा

संपादकांनी लोणारला धाडलं ते सरोवरासाठी. उल्कापातानं बेसॉल्टमध्ये पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालेलं खारं पाणी, त्याच वर्षी मिळालेला रामसर दर्जा. एवढ्यावर पान भरलं असतं. पण माझी नजर खिळली ती सोबत आलेल्या मेहकरच्या स्टुडिओवाल्या काकांच्या गळ्यातल्या ऑलिम्पस ट्रिप ३५ वर.

उजेड पाहून स्वतःच एक्स्पोजर ठरवणारा कॅमेरा ही कल्पना जुनी. आइन्स्टाइन आणि त्याचा डॉक्टर मित्र गुस्ताव बकी यांना अशा कॅमेऱ्याचं पेटंट १९३६ मध्ये मिळालं. १९३८ मध्ये कोडॅकचा सुपर सिक्स-२० बाजारात आला; पण तो महागडा आणि नाजूक, फारसा खपला नाही. १९५९ चा आग्फा ऑप्टिमा, १९६१ चा ऑलिम्पस पेन ईई, असं करत १९६७ च्या सुमारास हा ट्रिप निघाला आणि १९८४ पर्यंत निघत राहिला.

याला बॅटरी लागत नाही. भिंगाभोवती खडबडीत काचेचं कडं आहे, त्यामागे सेलेनियम. उजेड पडला की त्यातून इवलीशी वीज निर्माण होते आणि आतला काटा हलतो. खरी करामत पुढे. बटण दाबू लागलं की एक पट्टी त्या काट्याला जागच्या जागी चिमटीत धरते. मग पायऱ्यापायऱ्यांचा एक तुकडा येऊन काट्याला टेकतो. ज्या पायरीवर तो अडला, तेवढंच भिंगामागचं शंकरपाळ्याच्या आकाराचं भोक उघडतं. शटरचे वेग दोनच, सेकंदाचा चाळिसावा आणि दोनशेवा भाग. केसाएवढा काटा, त्याच्यावर सगळा भरवसा!

विवराच्या काठावर उभं राहिलं की निम्मी चौकट आभाळानं भरते. कडं सगळा उजेड एकाच मापानं मोजतं, त्यामुळे खालची झाडी काळी पडणार. काकांनी कॅमेरा झाडीकडे कलवला, बटण अर्धं दाबून काटा अडकवला, तसाच धरून चौकट वर आणली आणि मग खटका मारला.

गावातल्या दैत्यसूदन मंदिरात मात्र त्याचा अडेलपणा दिसला. छतावर लवणासुराच्या वधाचं कोरीवकाम, खाली दाट अंधार. बटण दाबलं तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर आली आणि शटर हलेना. मला वाटलं, बिघडला.

‘‘बिघडला नाही तो,’’ काका हसले, ‘‘नाही म्हनून रायला.’’

आजचा मोबाइल कधी नाही म्हणत नाही. अंधारातून काहीतरी ओरबाडून आणतोच. मला हा नकार आवडला. अर्थात काकांनी भोकाचं माप ठरवणारी रिंग स्वयंचलित ‘ए’वरून २.८ वर फिरवली आणि फोटो काढलाच. रिंग हातानं फिरवली की लाल पट्टीचं काही चालत नाही.

घोर वेगळाच आहे. सेलेनियम म्हातारं होतं. काटा आळसावतो, उजेड असूनही कॅमेरा अंधार समजतो. मग नवं कडं कुठून आणायचं? दुसरा मेलेला ट्रिप शोधून, तोही याच वयाचा. रंगीत रोल महागलेत, ते मागवायचे आणि धुवायला परत कुरिअरनं पाठवायचे.

त्याहून वाईट खोड भोकाच्या पात्यांची. वर्षांनुवर्षांत आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याला किती अवधी लागणार! पाती चिकटतात, पण काटा ठणठणीत असतो. लाल पट्टी येत नाही, खटका नेहमीसारखा वाजतो, आणि रोल धुऊन आल्यावर कळतं की सगळं एकतर पांढरं पडलंय नाहीतर काळं. नाही म्हणायला शिकवलेलं यंत्र इथे बिनदिक्कत हो म्हणतं. म्हणून काका नवा रोल घालण्याआधी मागचं झाकण उघडतात, कॅमेरा खिडकीकडे धरतात आणि एकदा २२ वर, एकदा २.८ वर खटका मारून शंकरपाळं लहानमोठं होतंय का ते बघतात.