विश्लेषण : क्लच न दाबता गिअर बदलता येतो, पण बदलावा का?

मोटारसायकलच्या क्लचची केबल सांगून तुटत नाही. ती घाटात किंवा महामार्गावर तुटली, तर गॅरेजपर्यंत गाडी न्यायची कशी, हा प्रश्न पडतो. दुसरीकडे, क्लच न दाबता झटपट गिअर टाकणे ही अनेक तरुण चालकांना कौशल्याची खूण वाटते. हे शक्य कसे होते, त्यात गाडीचे काय नुकसान होते आणि केबल तुटल्यास काय करावे?

क्लचचे काम काय?

इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा आणि गरजेनुसार वेगळे करणारा भाग म्हणजे क्लच. बहुतेक मोटारसायकलींत तो ऑइलमध्ये भिजलेल्या अनेक प्लेटांचा असतो. स्प्रिंगा या प्लेटा एकमेकींवर दाबून धरतात, त्यामुळे इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. लिव्हर दाबली की हा दाब सुटतो. म्हणजे लिव्हरला हात लावला नाही, तर क्लच जोडलेलाच असतो. केबल तुटली तरी धावती गाडी धावत राहते, ती यामुळेच.

मग क्लचशिवाय गिअर पडतो कसा?

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधील चक्रांच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात. गिअर बदलताना त्यांचे दात नव्याने जुळवावे लागत नाहीत. चक्रांच्या बाजूला जाड खुंट असतात, त्यांना ‘डॉग’ म्हणतात. पायाने गिअर टाकला की एक चक्र बाजूला सरकते आणि त्याचे खुंट शेजारच्या चक्राच्या खाचांत बसतात.

रेस दिलेली असताना इंजिनाच्या जोराने हे खुंट खाचेत घट्ट रुतलेले असतात. रेस क्षणभर सोडली की तो जोर जातो. नेमक्या त्या क्षणी पायाने दाब दिलेला असेल, तर जुना गिअर सुटतो आणि पुढचा बसतो.

वरचा गिअर सोपा, खालचा अवघड का?

समजा, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ५००० आरपीएमवर फिरते आहे आणि त्याच वेगाला चौथ्या गिअरमध्ये ४००० आरपीएम पुरेसे आहेत. वरचा गिअर टाकताना रेस सोडली की आरपीएम आपोआप खाली येतात, वेग जुळतो आणि गिअर बसतो.

चौथ्यातून तिसऱ्यात येताना उलटे घडते. तेव्हा आरपीएम ४००० वरून ५००० वर न्यावे लागतात, म्हणजे रेसचा हलका झटका द्यावा लागतो. हा झटका चुकला तर गिअरबॉक्समधून ‘कडाक्’ असा आवाज येतो आणि मागचे चाक एकदम आवळले जाते. ओल्या रस्त्यावर किंवा वळणावर तेवढ्याने गाडी घसरू शकते.

गाडीचे नुकसान काय?

वेळ चुकली की खुंट खाचेत न बसता खाचेच्या कडेवर आपटतात. हे वारंवार झाले की त्यांच्या कडा गोल होतात आणि रेस दिल्यावर गिअर आपोआप सुटू लागतो. ओव्हरटेक करताना असे झाले तर प्रसंग बाका होतो. दुरुस्तीसाठी बहुतेक गाड्यांचे इंजिन खाली उतरवून पूर्ण उघडावे लागते.

क्लच न दाबल्याने प्लेटा वाचतात, हा युक्तिवादही तोकडा आहे. प्लेटा मुख्यतः गाडी सुरू करताना आणि ‘हाफ क्लच’वर चालवताना झिजतात. शिवाय प्लेटा बदलणे हे गिअरबॉक्स उघडण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

महागड्या गाड्यांत हे कसे चालते?

केटीएम ३९० ड्यूक, टीव्हीएस अपाची आरटीआर ३१० अशा गाड्यांवर क्विकशिफ्टर मिळतो. पायाचा दाब ओळखणारा सेन्सर संगणकाला इशारा देतो आणि इंजिनाची ताकद सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ तोडली जाते. खालच्या गिअरसाठी रेसचा झटकाही संगणकच देतो. होंडाच्या १९५८च्या सुपर कबमध्ये तर क्लचची लिव्हरच नव्हती. गिअरचे पेडल दाबताच क्लच आपोआप सुटत असे. होंडानेच २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ई-क्लचमध्ये हे काम विजेच्या मोटारी करतात. साध्या गाडीत मात्र हा सगळा हिशेब चालकाच्या हाता-पायावर असतो.

केबल तुटली तर काय करावे?

● घाबरू नका. ब्रेक शाबूत असतात. रेस सोडून वेग कमी करा आणि डावीकडे या.

● थांबण्याआधी गिअर न्यूट्रलमध्ये आणा. न्यूट्रल सापडत नसेल तर किल स्विच दाबा. अन्यथा गाडी झटका देऊन बंद पडेल.

● थांबलेली गाडी क्लचशिवाय गिअरमध्ये टाकली तर ती उसळी मारते. त्यामुळे गर्दीत, चढावर किंवा मागे कुणी बसलेले असताना असा प्रयत्न करू नका. मेकॅनिकला तिथेच बोलवा. केबल बदलायला इंजिन उघडावे लागत नाही.

● गाडी धावत असेल आणि रस्ता मोकळा असेल, तर गिअर कमीत कमी बदलत, पुढच्या वाहनापासून भरपूर अंतर ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंतच जा.

आधी चाहूल लागते का?

बहुतेक वेळा लागते. लिव्हर जड होते, अडकत परत येते किंवा तिचा मोकळेपणा अचानक वाढतो. लिव्हरजवळच्या टोकाला तारेचे एकेक धागे तुटू लागलेले दिसतात. सर्व्हिसिंगच्या वेळी तेवढे टोक तपासून घ्यावे. लांबच्या प्रवासाला निघताना एक केबल सोबत ठेवावी. गावच्या मेकॅनिककडे आपल्या गाडीची केबल असेलच असे नाही.