सुट्या भागांची ओळख : जुन्या मोटारीची जुळणी आणि आट्यांची साक्ष

जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन म्हणजे पत्रा सरळ करून तिला नवा रंग देणे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. परंतु या कामातील सर्वांत कसोटीचा टप्पा रंगाच्या फार आधी येतो, आणि तो म्हणजे गाडी पूर्ण खोलून झाल्यावर डब्याडब्यांत भरलेले, पुढे कोणाच्या तरी हातून एकमेकांत मिसळलेले भाग ओळखून काढण्याचा. मालक बदलला, मेस्त्री वारला किंवा पैशाअभावी काम काही वर्षे थांबले, की कोणता बोल्ट कोठला हे सांगणारी स्मरणशक्ती नाहीशी होते आणि मागे केवळ लोखंड उरते.

गोव्याच्या पेडणे तालुक्यातील तुये हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. या परिसरातल्या जुन्या गाड्यांच्या भागांचा असा गुंता मात्र वसाहतीहून जुना असून त्याची मुळे गोव्याच्या इतिहासात आहेत. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगीज सत्ता होती, खनिजाच्या निर्यातीतून परकीय चलन येत होते आणि युरोपातील मोटारी थेट बंदरात उतरत होत्या. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची उजवी बाजू स्वीकारली तरी गोव्यात वाहने डावीकडूनच चालत राहिली, त्यामुळे उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या ब्रिटिश गाड्या येथे सहज रुळल्या. १९५५ मध्ये भारताशी असलेली खुष्कीची वाट बंद झाली. मुक्तीनंतर सीमा उघडली, पण भारताच्या कडक आयात नियंत्रणामुळे परदेशी सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. परिणामी, उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या आणि कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या गाड्यांचे भाग, मुंबईच्या चोरबाजारातला माल आणि लेथवर घडवून घेतलेले तुकडे हे सारे एकाच गाडीत येऊन बसले.

मॉरिस मायनर हे याचे बोलके उदाहरण आहे. अलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी १९४८ मध्ये ९१८ घनसेंटिमीटरच्या, बाजूला व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनासह आली. १९५२ पासून तिला डोक्यावर व्हॉल्व्ह असलेले ८०३ चे इंजिन मिळू लागले, १९५६ मध्ये ९४८ चे आणि १९६२ मध्ये १०९८ चे. यावरून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो : मुक्तीपूर्वी गोव्यात उतरलेल्या मायनरमध्ये १०९८ चे इंजिन आढळले, तर ते मागाहून बसवलेले असलेच पाहिजे. ८०३ आणि ९४८ यांच्यातील फरक ओळखणे त्याहून कठीण आहे, कारण दोन्हींत पिस्टनची धाव ७६.२ मिलिमीटरच असते. सिलिंडरचा व्यास मात्र पहिल्यात सुमारे ५८ आणि दुसऱ्यात सुमारे ६३ मिलिमीटर भरतो, म्हणून सुटा पिस्टन हाती आला की अंदाज बाजूला ठेवून व्हर्निअर उचलावा लागतो.

या सर्व परीक्षेत विलक्षण म्हणावा असा भाग आट्यांचा आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या ब्रिटिश आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांचे नटबोल्ट एकमेकांना बसेनात, तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये ६० अंशांचे एकत्रित आटे मान्य केले. त्यामुळे पाव इंच जाडीचा बोल्ट जुन्या बारीक ब्रिटिश आट्यांचा असेल तर त्यावर इंचाला २६ आटे भरतात आणि नव्या एकत्रित बारीक आट्यांचा असेल तर २८. हा दोन आट्यांचा फरक डोळ्यांना दिसत नाही. बोटांना तो जाणवतो, परंतु जाणवेपर्यंत नट दोन फेरे आत गेलेला असतो आणि पाना लावून तो जबरीने पुढे रेटला की भोकातील आटे कायमचे जातात. यासाठी पिच गेज वापरतात, म्हणजे ठरावीक अंतरावर दाते पाडलेल्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. ज्या पात्याचे दाते बोल्टवर ठेवल्यावर उजेडाची फट राहत नाही, ते त्याचे माप. तरीही कोडी उरतातच. विजेच्या उपकरणांसाठी असलेल्या बीए मालिकेतील शून्य क्रमांकाचा स्क्रू आणि सहा मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट यांची जाडी सारखी, आट्यांतील अंतरही एक मिलिमीटरच. वेगळा आहे तो केवळ कोन, एकाचा साडेसत्तेचाळीस अंश आणि दुसऱ्याचा साठ. एकाच मायनरच्या इंजिनात एकत्रित आटे, कार्बोरेटरमध्ये जुने ब्रिटिश आटे आणि डिस्ट्रिब्यूटरमध्ये बीए आटे असे तीन पिढ्यांचे लोखंड सुखाने नांदत असते, हे ठाऊक असलेला मेस्त्री डब्यातील बोल्ट आधी आट्यांप्रमाणे वेगळे करतो आणि मगच लांबीकडे वळतो.

मोठे भाग स्वतःची माहिती स्वतःच देतात. लुकास कंपनीच्या डायनामोवर, स्टार्टरवर आणि डिस्ट्रिब्यूटरवर महिना-वर्ष ठोकलेले असते. स्मिथ्सच्या वेगमापकाच्या तबकडीवर तळाशी मैलामागे केबलचे किती फेरे, तो आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो, आणि त्यावरून ते यंत्र कोणत्या गिअरच्या प्रमाणासाठी बनले हे कळते. डिफरन्शिअलबाबत तर दाते मोजणे पुरेसे ठरते : ८०३ च्या मायनरमध्ये सहसा पिनियनला आठ आणि क्राउन चाकाला त्रेचाळीस दाते, ९४८ मध्ये नऊ आणि एक्केचाळीस. आठाच्या पिनियनसोबत एक्केचाळिसाचे चाक निघाले, तर ती जोडी कारखान्याची नव्हे, एवढे निश्चित.

खरी अडचण येथून पुढे आहे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या, दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात ठोकलेले आकडे गंजाखाली जातात आणि ते वाचण्यासाठी वायर ब्रश जोरात चालवला तर आकडाही गंजाबरोबर निघून जातो; म्हणून रॉकेलमध्ये भिजवून सावकाश साफ करणे भाग पडते. कागदी चिठ्ठ्यांना वाळवी लागते, शाई ओलीने पसरते, त्यामुळे पितळी पट्टीवर नंबर ठोकून ती तारेने भागाला बांधणे हाच येथे टिकणारा उपाय आहे. त्याहून बिकट प्रश्न मागच्या दुरुस्त्यांचा आहे : मूळ आटे गेल्यावर भोक मोठे करून मेट्रिक आटे पाडलेले असतात, आणि अशा ठिकाणी पुस्तकाप्रमाणे योग्य असलेला बोल्ट मुळीच बसत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची स्वतंत्र नोंदणी आणली असून, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली, मूळ स्वरूपातील गाडीच तीत बसते. त्यामुळे भागाची ओळख ही आता हौसेपुरती बाब राहिलेली नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, आयात नियंत्रणाच्या काळात मेस्त्र्याने लेथवर कातून घेतलेली बुश हीदेखील त्या गाडीचीच हकीकत सांगते. ती काढावी लागली तरी टाकू नये, नाव-गाव लिहून वेगळी जपावी, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

अशा गाड्या हाताळलेले मेस्त्री आता वृद्ध झाले आहेत आणि त्यांच्या माहितीची लेखी नोंद बहुधा कोठेही नाही. पेडणे-डिचोलीतील ज्या घरांच्या पडवीत खोललेल्या गाडीचे डबे पडून आहेत, त्यांनी ते भंगारात देण्यापूर्वी अशा एखाद्या मेस्त्र्याला घरी बोलवावे, डबे त्याच्यासमोर रिकामे करावेत आणि तो सांगेल ते प्रत्येक भागाशेजारी त्याच दिवशी लिहून ठेवावे.