तीन ओळींची शिदोरी

सेवानिवृत्तीनंतर आम्ही सहकुटुंब जपानला गेलो. कोबे शहरातील कितानो भागात १९८५ साली उभारलेले भगवान महावीरस्वामींचे शुभ्र संगमरवरी मंदिर आहे. दर्शन घेऊन बाहेर आलो, तोच पाऊस आला. आडोशाला उभा असताना खर्चाच्या वहीत प्रथमच आकड्यांऐवजी शब्द उतरले :

परका पाऊस
मंदिराच्या पायरीवर
ओळखीचा गंध

हायकू हा मूळचा जपानी काव्यप्रकार शिरीष पै यांनी मराठीत रुजवला. तीन ओळी आणि निसर्गातील एखादा क्षण, एवढेच त्याचे भांडवल.

घरी परतल्यावर नातवाने वही वाचून विचारले, “आजोबा, आपल्या गावावर एकही कविता नाही?” मी निरुत्तर झालो. बँकेत आयुष्यभर पै-पैचा ताळा जुळवला. पण अवघ्या तीस किलोमीटरवरील वेरूळची जैन लेणी केवळ पाहुण्यांना दाखवण्यापुरतीच पाहिली होती.

पुढच्याच रविवारी दोघे बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत गेलो. कायोत्सर्गात उभ्या बाहुबलींच्या देहावर वेली चढल्या आहेत. आम्ही बराच वेळ काही न बोलता उभे होतो. मग नातवाने वही मागून घेतली आणि लिहिले :

वेल चढत गेली
खांद्यापर्यंत
झाड समजून

माझ्या साऱ्या पानांत हेच पान मला मोलाचे वाटते. वाचकहो, दूरच्या सहली अवश्य कराव्यात. परंतु एखादा रविवार नातवंडांसह वेरूळसाठीही राखून ठेवावा. मंगळवारी मात्र लेणी बंद असतात.